आघाडीची फळी आणि काजलची मान

‘प्रगती बघून या,’ असं आमच्या साप्ताहिकाचे संपादक म्हणाले. शाळेतलं प्रगतिपुस्तक असतं तसं काहीतरी त्यांच्या डोक्यात असावं. मी जाणार, शेरा मारणार, सही करून परत येणार. भारताच्या महिला रग्बी संघाची येत्या रविवारी बेंगळुरूत एका परदेशी संघाशी कसोटी आहे, आणि त्या संघाच्या शिबिरात आमच्या गडहिंग्लजची एक मुलगी आहे. मी गेले, बघितलं, परत आले. आज गुरुवार उजाडला तरी माझं डोकं तापलेलंच आहे. थंड डोक्याने लिहिलेलं प्रवासवर्णन ज्यांना हवंय त्यांनी सरळ पान उलटावं.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत पीटीची बाई होते. चाळिशी उलटल्यावर पुण्यात एक कोर्स केला आणि रग्बीचा चेंडू घेऊन गावात आले. तेव्हा लोक विचारायचे, ‘बाई, ह्यो चेंडू दबलाय काय?’ त्या दबलेल्या चेंडूवर मी मुली तयार केल्या. आम्ही खेळायचो सात जणींचं रग्बी. त्यात पळणं जास्त आणि रेटारेटी कमी. काजल त्यातली सगळ्यात वेगवान. मैदानाच्या कडेनं ती सुटली की मागे नुसती धूळ दिसायची. तीन महिन्यांपूर्वी तिची राष्ट्रीय शिबिरासाठी शिफारस करायची वेळ आली, तेव्हा माझं इंग्रजी तोकडं म्हणून मी घाबरले होते. पण शिबिराचे व्यवस्थापक बेळगावकडचे निघाले. फोनवर म्हणाले, ‘मराठीत लिवा की ओ, मला वाचाय येतंय.’ मला केवढं कौतुक वाटलं. छान, ठसठशीत मराठीत पत्र लिहिलं, दोनदा वाचलं आणि पोस्टात टाकलं.

राजाजीनगर, शुक्रवार

माझी मावसबहीण मालूअक्का लग्न करून बेंगळुरूच्या राजाजीनगरला गेली त्याला चाळीस वर्षं झाली. तिच्या मराठीत आता निम्मं कन्नड आहे. सकाळी सातला दार उघडून म्हणाली, ‘ये ये, ऊटा झालं?’

‘अगं, सकाळी सातला कसलं जेवण? आत्ता बसमधून उतरतेय मी.’

‘सरी, मग तिंडी कर.’

सरी म्हणजे बरं, आणि तिंडी म्हणजे नाश्ता. कोपऱ्यावरून गरम इडली आणि वडा आला, नारळाची चटणी आली. सगळं उत्तम, आणि सांबार गोड! मी वाटी खाली ठेवली. आमच्याकडे रश्शात कुणी गूळ घातला तर त्या घरात सोयरीक करताना लोक दोनदा विचार करतील. मालूअक्का हसत म्हणाली, ‘चार दिवसांची तर गोष्ट, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर की.’

हे ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट’ मला मग जिथे तिथे भेटलं. बसमध्ये दोघींच्या बाकावर तिसरी बाई आली, ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ म्हणाली आणि बसली. दुकानात सुटे नव्हते, तिथेही तेच. मालूअक्काच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आला नाही, त्याचं उत्तरही तेच. स्वल्प म्हणजे थोडंसं, हे आपल्यालाही कळतं. पण आपण स्वल्प फक्त विरामाला लावतो, आणि ही माणसं सगळ्या आयुष्याला लावतात. पहिल्या दिवशी मला त्याची मौज वाटली, हे कबूल करते. भांडण न करता लाखो माणसं एका शहरात राहतात ती अशीच राहत असतील, असंही मनात आलं.

संध्याकाळी मी काजलसाठी आणलेली कांदालसूण मसाल्याची बाटली पिशवीत वर काढून ठेवली. ही पोरगी घरी त्याच्याशिवाय भाकरी खात नाही. इथल्या गोड सांबारावर तीन महिने काढले म्हणजे तिचे हालच झाले असणार.

मैदानावर, शनिवार

मैदान कोरमंगल्याच्या पलीकडे. तिथे पोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी गडहिंग्लजहून निपाणीला जाऊन भाजी घेऊन परत आले असते. पोचले तर भारताचा संघ अर्ध्या मैदानावर! उरलेल्या अर्ध्यावर कुठल्याशा कंपनीच्या लोकांचं टेनिस बॉल क्रिकेट चालू होतं. स्पीकर लावलेले, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टीशर्ट. कसोटीला आठ दिवस राहिलेत, आणि आपल्या मुलींना पूर्ण लांबीचा पास टाकता येत नाही, कारण पलीकडे कुणीतरी षटकार मारतंय.

मी सरळ त्यांच्या कप्तानाकडे गेले. पोरगा पुण्याचा निघाला.

‘काकू, आम्ही पण प्रॉपर बुकिंग केलंय. एक तासभर अ‍ॅडजस्ट करा ना प्लीज.’

‘अरे, ही भारताची टीम आहे!’

‘ओह, नाइस. फुटबॉल का?’

मी त्याच्याशी पुढे बोलले नाही. बोलले असते तर त्याची बॅट माझ्या हातात आली असती. पण त्याचा तरी काय दोष? त्याच्या देशाने त्याला हा चेंडू कधी दाखवलाच नाही.

आता संपादकांची प्रगती. खरं तेच लिहिते. हा संघ मी याआधी दोन वर्षांपूर्वी पाहिला होता आणि त्यापेक्षा तो फार पुढे गेलाय. तेव्हा मुली समोरच्या खेळाडूला खांद्याला धरून पाडायला जायच्या, आता खाली वाकून मांड्यांना मिठी घालतात, आणि समोरची आडवी होतेच. पास दोन्ही हातांनी आणि दोन्ही बाजूंना जातो. शेवटच्या वीस मिनिटांतही कुणी कमरेवर हात ठेवून उभी राहत नाही. पाडल्यावर उठून चेंडू ताब्यात घ्यायला मात्र अजून उशीर होतो. उंच मारलेला चेंडू झेलताना दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. संघाची कोचबाई ओडिशाची, आवाज बारीक, पण नजर कडक. तिने अर्ध्या मैदानात, गोंगाटात एवढं करून घेतलंय. मी वहीत लिहिलं, ‘प्रगती आहे.’ आणि कडेनं पळणाऱ्या मुलींत काजलला शोधत बसले.

अर्धा तास शोधलं. काजल नाही. आजारी पडली असेल, घरी पाठवली असेल, नाना शंका आल्या.

मग स्क्रमचा सराव सुरू झाला. स्क्रम म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ही कसोटी पंधरा पंधरा जणींची, त्यातल्या दोन्हीकडच्या आठ आठ जणी वाकून एकमेकींत गुंततात. पहिल्या ओळीत तिघी. त्यांची डोकी समोरच्या तिघींच्या डोक्यांमध्ये शिरतात आणि मागच्या पाच जणी त्यांना रेटतात. दोन्ही बाजूंचा सगळा जोर शेवटी पहिल्या ओळीतल्या खांद्यांवर आणि मानांवर येतो. ते शिकायला वर्षं जातात. पाठ कशी ठेवायची, पाय कुठे, श्वास कधी धरायचा, हे अंगात मुरावं लागतं. पुण्याच्या कोर्सात मी एकदा हौसेने पहिल्या ओळीत डोकं घातलं होतं. पुढे महिनाभर मला कुणी हाक मारली की अख्खी वळावं लागायचं. जिला येत नाही तिला तिथे उभं केलं आणि स्क्रम कोसळला तर मान मोडते. मोडते म्हणजे खरोखर मोडते.

माझ्यासमोर स्क्रम डाव्या बाजूने कोसळला. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच कोसळला. डाव्या कोपऱ्यातली मुलगी तोंडावर पडत होती. तिची पाठ कमानीसारखी वर येत होती. कुणीही शिकवलेलं नाही हे मला बांधावरून दिसत होतं. तिसऱ्यांदा ती मातीतून उठली, डोक्याची टोपी काढली आणि कानाला लावलेली चिकटपट्टी दाबत वळली.

काजल.

खायला घालून घालून जाड केली होती तिला. मान सुजल्यासारखी, गाल भरलेले. मी पाठमोरी ओळखलीच नव्हती. पाणी प्यायला सोडलं तशी ती धावत आली, वाकून पाया पडली, आणि वाकताना तिच्या तोंडून बारीक ‘आई गं’ निघालं.

‘तुला तिथे कुणी घातलं?’ मी ओरडलेच. ‘कोणत्या गाढवाने?’

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. ‘बाई, तुमीच की.’

‘मी?’

‘तुमच्या पत्रात हाय न्हवं, मी पुढच्या ओळीत खेळतोय म्हणून. पयल्या दिवशीच म्यानेजर सरांनी वाचून दावलं. मला बी कायच कळंना. पर म्हटलं, बाईंनी कायतरी इचार करूनच लिवलं असंल.’

शिट्टी वाजली. ती टोपी घालत परत गेली आणि त्याच कोपऱ्यात डोकं घालून वाकली. मसाल्याची बाटली माझ्या हातातच राहिली.

बसवनगुडी, रविवार

रात्रभर मी त्या पत्रातला शब्द न् शब्द आठवत होते. असलं काही मी लिहिलेलं नाही याची मला खात्री होती. कुणीतरी लबाडी केली होती आणि मी त्याला सोडणार नव्हते. मुलींचं वसतिगृह बसवनगुडीत आहे. झाडांच्या सावलीतला शांत रस्ता, देवळातून परतणाऱ्या बायकांच्या केसांत मोगरा, कोपऱ्यावर डोशासाठी रांग. एरवी मी तिथे रमले असते. त्या सकाळी मला ती रांगसुद्धा आडवी येत होती.

व्यवस्थापक हुक्केरी खोलीत एकटेच होते. पन्नाशीचे, स्वच्छ पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. मला बघून उभे राहिले.

‘येवा बाई, बसा की. कापी घेता?’

‘कॉफी राहू दे. माझं पत्र काढा.’

त्यांनी ते फायलीतून लगेच काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. माझंच अक्षर. त्यांनी बोट ठेवलेली ओळ मी वाचली: ‘काजल ही आमच्या आघाडीच्या फळीतील अत्यंत भरवशाची आणि अनुभवी खेळाडू आहे.’

मी परत वाचली. मग खुर्चीत बसले.

आपल्याकडे वर्तमानपत्रं रोज हेच लिहितात. चांगल्या, पुढे असणाऱ्या खेळाडूंची ती आघाडीची फळी. मला एवढंच म्हणायचं होतं की पोरगी आमची पहिल्या नंबरची आहे. शब्द भारदस्त वाटला म्हणून वापरला.

‘आघाडी म्हंजे फ्रंट,’ हुक्केरी समजावत होते. ‘फळी म्हंजे रो. आमी चौथीपतुर मराठीत शिकलोय, बाई. हितं आपिसात कुणालाच मराठी वाचाय येत न्हाई. म्या रातभर बसून भाषांतर केलं. फळी म्हंजे रो न्हाई काय?’

फळी म्हणजे ओळच. काय सांगणार होते मी त्यांना? ज्याला फाडून खायला आले होते त्या माणसाने माझं पत्र शब्दाला शब्द लावून, मन लावून इंग्रजीत नेलं होतं. माझा राग असा अंगावर परत येईल असं मला वाटलं नव्हतं. इतका राग मला स्वतःचा कधी आला नव्हता.

‘चूक माझी,’ मी म्हटलं. ‘ती कडेनं पळणारी मुलगी आहे. पंधरा जणींच्या खेळात ती पहिल्या ओळीत कधीच नव्हती. आजच्या आज तिला तिथून काढा.’

हुक्केरींचा चेहरा उतरला. त्यांनी फाइल मिटली. आणि इथून पुढे चूक एकट्या माझी राहिली नाही.

‘आता कसं ओ, बाई? नावं पाठवून झाली. पयल्या ओळीच्या दोघी आधीच दुखापतीनं घरी गेल्यात. हिला काढलं तर पुरेशा व्हत न्हाईत. मग लेखी द्याला लागतंय, आमच्याकडं शिकलेल्या मुली न्हाईत म्हणून. स्क्रममदी नुसतं अडकून हुबं ऱ्हायचं, ढकलायचं न्हाई. पाव्हण्या टीमच्या म्होरं किती कमीपणा! देशाची इज्जत हाय. एका मॅचचा तर प्रश्न हाय. स्वल्प अ‍ॅडजस्ट...’

‘मान अ‍ॅडजस्ट होत नाही, हुक्केरी!’

माझा आवाज एवढा चढला की कोचबाई बाहेरून धावत आली. मी तिला हिंदीत, जमेल तसं, सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

‘मॅडम, मैं रोज सोचती थी,’ ती म्हणाली. ‘अनुभवी खिलाड़ी लिखा है, फिर इसको आता क्यों नहीं? मुझे लगा, डरती है. मैंने उसको डाँटा भी.’

‘तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का, तू कुठे खेळायचीस म्हणून?’

तिने हुक्केरींकडे बघितलं. हुक्केरींनी फायलीकडे. तीन महिने एका मुलीची मान पणाला लागली होती, आणि सगळ्यांनी कागदाला विचारलं होतं. ती मुलगी तिथेच जेवत होती, झोपत होती, रोज समोर उभी राहत होती, आणि तिला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. संताप संताप झाला माझा. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. हुक्केरींना माझं निम्मं मराठी कळलं नसेल तर बरं.

कोचबाईने शेवटी सरळ सांगितलं. पहिल्या पत्राच्या आधारावर नाव गेलंय, ते मागे घ्यायला दुसरं पत्र लागेल. ‘आप लिखके दीजिए. मैं नहीं खिलाऊँगी.’

मी कागद मागितला. तेवढ्यात दारात काजल दिसली. माझा आवाज वसतिगृहभर गेला असणार. तिने मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

‘बाई, नका लिवू.’

‘अगं, तुला कळतंय का काय होईल ते?’

‘कळतंय. रोज माझीच मान दुकत्या, मला न्हाई कळणार? पर कडंच्या जागा सगळ्या भरल्यात. हितनं काढलं की मी टीममदी न्हाईच. एक टेस्ट खेळलो की भारताची खेळाडू म्हणून लागतंय नावाम्होरं. पोलीस भरतीला चालतंय ते. सातच दीस राहिल्यात. मी दात आवळून काढतो.’

आमच्याकडच्या मुली ‘मी खेळतो, मी काढतो’ असंच बोलतात. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिच्या घरात पगाराची नोकरी अजून कुणी पाहिलेली नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले तर तिने मान बाजूला घेतली, आणि घेताना तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

ते बघून मी आत गेले आणि पत्र लिहिलं. या वेळी एकही भारदस्त शब्द नाही. ‘काजल कडेनं पळते. तिला ढकलाढकली शिकवलेली नाही. तिला स्क्रमच्या पहिल्या ओळीत उभं करू नका. आधीचं पत्र लिहिताना शब्द माझा चुकला.’ हुक्केरींना ते मोठ्याने वाचायला लावलं. प्रत्येक वाक्याचा अर्थ कन्नडमध्ये सांगायला लावला. गडहिंग्लजच्या बाजारात वावरलेल्या बाईला तेवढं कन्नड कळतं. एकेक ओळ झाली की ते ‘सरी’ म्हणायचे आणि मी पुढची दाखवायची. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला.

‘आमचंबी चुकलंच, बाई,’ ते म्हणाले.

मी सही करून कागद त्यांच्याकडे दिला. बाहेर व्हरांड्यात काजल नव्हती.

सोमवार

सोमवारी परतीची बस होती. मालूअक्काने वाटेसाठी चित्रान्न बांधून दिलं. लिंबाचा पिवळाधमक भात, वर शेंगदाणे. कालपासून मी कुणाशी धड बोलत नव्हते म्हणून तीही जपून बोलत होती. बस सुटायला थोडा वेळ असताना काजल आली. एकटीच, सरावाच्या कपड्यांत. पाया पडली नाही.

कोचबाईने तिला घरी पाठवलेलं नव्हतं. कसोटी होईपर्यंत शिबिरात ठेवलं होतं. सरावात दुसऱ्यांनी धडका द्यायच्या त्या गाद्या धरून उभं राहायचं काम तिला दिलं होतं. संघाच्या यादीत तिचं नाव नाही.

‘मान कशी आहे?’ मी विचारलं.

‘हाय.’

मी बाटली पुढे केली. तिने घेतली, झाकण उघडून वास घेतला, परत घट्ट लावलं. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही.

‘बाई, एक सांगू? पयलं पत्र लिवलासा तवा मला दावलं न्हाई. कालचं लिवलासा तवाबी दावलं न्हाई. म्होरल्या बारीला लिवायच्या आधी मला एकदा दावा.’

एवढं बोलून ती गेली. चालत नाही, पळत गेली. फुटपाथवरच्या गर्दीतून, कडेकडेनं. अंगावर ते वाढवलेलं वजन घेऊनसुद्धा कुणाला धक्का न लावता ती कोपऱ्यापर्यंत पोचली, आणि मी बसच्या दाराशी मान लांब करून बघत राहिले.

रविवारी कसोटी आहे. आपल्या संघाने लेखी कळवलंय की पहिल्या ओळीच्या पुरेशा शिकलेल्या मुली आमच्याकडे नाहीत, त्यामुळे स्क्रममध्ये ढकलाढकली होणार नाही. कुणी कुणी त्याला माघार म्हणतील. म्हणू देत. पाडण्यात हा संघ कमी नाही, पळण्यात कमी नाही, आणि पाहुण्यांना शेवटपर्यंत घाम काढायला लावेल असं मला वाटतं. तेव्हा संपादकसाहेब, प्रगती आहे. मुलींची आहे. आमची, म्हणजे कागद लिहिणाऱ्यांची आणि वाचणाऱ्यांची, काडीची नाही. दुसरं पत्र लिहिलं त्याचा मला पश्चात्ताप नाही. ते तिला न दाखवता दिलं, त्याची लाज मात्र वाटते.

हा लेख छापायला देण्याआधी मी फोनवरून काजलला पाठवला. वाटेल ते खोड, म्हटलं. मी तिला कशी हाक मारते, तिची मान, तिचं वजन, तिच्या घरची गोष्ट, सगळं तिने वाचलं आणि तसंच ठेवलं. एक शब्द तेवढा काढायला सांगितला. तिच्या नावाआधी मी एके ठिकाणी ‘बिचारी’ लिहिलं होतं.

काढलाय.